वरचं दूध

पिल्लू पारखावं तर सिदाप्पा खरातानं, असं जतपासून थेट विजापुरापर्यंत बोललं जायचं, आणि हे ऐकायला सिदाप्पाला फार आवडतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पायांत बळ आलेली पिल्लं तो घोंगडीवर सोडायचा, समोर उकिडवा बसायचा आणि बराच वेळ काही बोलायचाच नाही. बघणाऱ्याला वाटावं, गड्याला डुलकी लागली. मग एखादं पिल्लू उचलून तळहातावर उताणं धरायचा. पुढच्या पायांमध्ये दोन बोटं घालून छातीची खोली बघायचा, पंजा सशासारखा लांबट आहे का ते चाचपायचा, कमरेवरून अंगठा फिरवायचा. शेवटी एवढंच म्हणायचा, "हे ठेवायचं." नाहीतर, "हे द्यायचं."

दिलेलं पिल्लू कुणाच्या तरी मळ्यावर राखणीला जायचं. ठेवलेलं पिल्लू वंशाला असायचं. खरातांच्या कारवानी कुत्र्यांची ओळ हळ्ळमाळावर चार पिढ्या अशीच चालत आली होती. खाण तशी माती, म्हणून खाण जपायची, हे सिदाप्पाच्या बापानं त्याला शिकवलं होतं. घाबरट पिल्लू ठेवू नको, मालकावर गुरगुरणारं ठेवू नको, आणि वरच्या दुधावर वाढलेलं, मग ते कितीही देखणं असो, वंशाला ठेवू नको. पहिल्या दोन गोष्टींचं कारण कुणालाही कळेल. तिसरीचं बापानं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आपल्यात ठेवत न्हाईत." ज्या घरी पिल्लांना माणसाच्या हातानं दूध पाजावं लागतं, ते घर या कामात हलकं समजलं जाई, एवढं मात्र सिदाप्पाला लहानपणापासून माहीत होतं.

हरणीच्या बाबतीत हाच नियम आडवा आला होता. हरणीची आई व्याल्यावर थोड्याच दिवसांत फुरसं चावून मेली. सिदाप्पाची बायको शालन हिनं ती पोरकी पिल्लं शेळीच्या दुधावर वाढवली. त्यातलं हरणाच्या रंगाचं एक पिल्लू, म्हणजे हीच हरणी, असं काही निघालं, की सिदाप्पाची बोटं त्याच्या छातीवरून हलेनात. तरी तो म्हणाला, "द्यायचं."

"का म्हणून?" शालननं विचारलं.

"वरच्या दुधाचं हाय."

"तिची आय मेलीया. टाकून गेली न्हवं."

"दोन्हीत काय फरक?"

"तुमास्नी न्हाई कळायचा," शालन म्हणाली आणि पिल्लू उचलून चुलीपाशी घेऊन गेली. ती सहसा हट्ट करत नसे. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, मूलबाळ झालं नाही, त्याचाही तिनं कधी बोभाटा केला नाही. म्हणून सिदाप्पानं तो एक हट्ट चालू दिला. हरणी घरात राहिली, पण वंशात नाही.

डॉक्टर मुग्धा परचुरे हळ्ळमाळावर आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं देशी कुत्र्यांच्या जाती सुधारायचा कार्यक्रम हाती घेतला होता आणि कारवानीसाठी त्यांना सिदाप्पाचे डोळे हवे होते. शब्द तिचाच. सिदाप्पा त्या शब्दावर विरघळला. वर्षभर मुग्धा येत राहिली. सिदाप्पा पिल्लं पारखायचा, तिच्या चष्म्यातला कॅमेरा त्याची बोटं टिपायचा, आणि प्रत्येक पिल्लाच्या लाळेचा एक बोळा नळीत बंद होऊन पुण्याला जायचा. सिदाप्पानं कशाला चांगलं म्हटलं आणि त्या पिल्लाच्या जनुकांत काय होतं, याची सांगड संगणक घालत बसला. पुढंपुढं तर पिल्लू घोंगडीवर यायच्या आधीच तो सांगू लागला, खरातकाका याला ठेवणार. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. सिदाप्पानं तोंडात बोट घातलं.

"आता तुमच्या डोळ्यांनी आम्ही न जन्मलेली पिल्लंही बघू शकतो," मुग्धा म्हणाली.

ती तसं शब्दशः म्हणत होती. कुत्र्याच्या कानाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत उलटं चालवायचं, म्हणजे आपण कातडी आहोत हे त्या विसरतात आणि गर्भातल्या पेशींसारख्या कोऱ्या होतात. कोऱ्या पेशीचं मग काहीही करता येतं. बीजही करता येतं आणि अंडंही. काचेच्या बशीत त्यांचा संयोग घडवायचा, जे इवले गर्भ तयार होतात त्यांची जनुकं वाचायची, सिदाप्पानं ज्यांना 'ठेवायचं' म्हटलं असतं तेवढे निवडायचे. त्या गर्भांना जन्माला घालायचं नाहीच. त्यांच्याच पेशींपासून पुन्हा बीज, पुन्हा अंडी, पुन्हा निवड. कुत्री वयात येईपर्यंत थांबायला नको, गाभण राहायची वाट बघायला नको. सिदाप्पाच्या बापाला ज्या बारा पिढ्यांसाठी आयुष्य पुरलं नसतं, त्या दोन वर्षांत बशीतल्या बशीत होऊन जात. सगळ्यात शेवटचे गर्भ तेवढे एखाद्या कुत्रीच्या कुशीत ठेवायचे आणि खरीखुरी पिल्लं जन्माला आणायची.

"मधल्या पिढ्यांची कुत्री कुठं ऱ्हात्यात?" शालननं दारातून विचारलं.

"ती जन्मतच नाहीत, काकू."

"म्हंजे त्यास्नी कुणी बघितलंच न्हाई."

मुग्धा हसली. "संगणकानं बघितलं ना."

कामाला सुरुवात करण्याआधी मुग्धानं सिदाप्पाला शेवटचं एकदा समोर बसवलं. पारखताना आणखी काही बघता का, काही राहिलं का, काहीही असो, सांगा. सिदाप्पाच्या ओठांवर बापाचा तिसरा नियम आला होता. पण समोर शिकलेली बाई, चष्म्यातून जग वाचणारी. तिला काय सांगायचं, आमच्यात ठेवत नाहीत म्हणून ठेवत नाहीत? आपल्याच अडाणीपणाची त्याला लाज वाटली.

"बास. एवढंच," तो म्हणाला.

दोन वर्षांनी पुण्याहून आलेले पहिले गर्भ हरणीच्या कुशीत वाढले. वंशाला चालत नसली तरी कूस उसनी द्यायला ती चालत होती. पिल्लं अशी झाली, की सिदाप्पाला घोंगडी पसरायची गरजच उरली नाही. एकही द्यायचं नव्हतं. हरणीनं त्यांना पोटाशी घेऊन चाटूनपुसून वाढवलं. तेजा आणि बिजली या त्यातल्या दोन माद्या वर्षाच्या झाल्या तेव्हा माळावर त्यांची धाव बघायला माणसं ड्रोन घेऊन यायची. जुन्या रक्ताची मिसळ नको, म्हणून कार्यक्रमाच्या अटीनुसार हरणीचं ऑपरेशन झालं. बाकीची जुनी कुत्री तशीच ऑपरेशन करून वाटून टाकली. कुणी कोकणात गेलं, कुणी हैदराबादकडं.

मग तेजा व्याली.

पिल्लं टाकली आणि उठून बाहेर जाऊन बसली. आत तिची पिल्लं आंधळी, ओली, एकमेकांवर चढत कुईकुई करत होती, आणि तेजा कान टवकारून ओढ्यापलीकडच्या पवनचक्कीकडं बघत होती. शालननं तिला गळपट्ट्याला धरून आत आणलं, आडवी केली. हात काढला की तेजा उठायची. पिल्लांवर गुरगुरत नव्हती, चावत नव्हती. ती आपली नव्हेतच, असं वागत होती.

"पिल्लाकडं बघतच न्हाई ही," शालन म्हणाली.

"पहिलटकरीण हाय. शिकंल."

तेजा शिकली नाही. शालननं शेळीचं दूध कोमट केलं, थेंब स्वतःच्या पापणीवर टाकून बघितला आणि पाजायला बसली. सगळी पिल्लं जगली. पुढं बिजली व्याली, तिनंही तेच केलं. मग तेजाचं दुसरं वेत. शालननं वाकळ उचलली आणि गोठ्यातच अंथरूण केलं, कारण पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं आणि ती रात्र बघत नाहीत.

"सगळ्याच पहिलटकरणी का वो?" तिनं एकदा विचारलं. "म्याडमच्या कानावर घाला. कायतरी चुकलंय."

"आन् काय सांगू? खराताच्या घरात वरच्या दुधावर पिल्लं वाढत्यात म्हणून? चार पिढ्यांची अब्रू हाय."

"मग ठिवू नका ती वंशाला. मामंजी ठिवत न्हवते."

"बापाला दहा पिल्लातलं एक बरं मिळायचं. हितं दहाच्या दहा सोनं हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, शालन. तू बोलू नको कुठं."

नियम मोडायचा होता आणि नियमाची लाजही राखायची होती. माणूस दोन्ही हातांनी खायला बसला की असं होतं. शालन कुठं बोलली नाही. दर वेताला मुग्धा फोनवर विचारायची, किती झाली, किती जगली, आणि सिदाप्पा छाती काढून सांगायचा, सगळी. ते खोटंही नव्हतं. याच ओळीची पिल्लं आता इंडी, अथणी, सांगोला अशी सगळीकडं गेली होती. अथणीच्या बाबालाल मुल्लानं एकदा फोन केला. सिदाप्पा त्याला चांगला ओळखत होता. जनावरावर जीव टाकणारा माणूस. त्याच्याकडच्या मादीनं पिल्लं टाकून दिली आणि सगळी मेली होती. पुण्याची मॅडम म्हणते, खरातांकडं सगळी जगतात, म्हणजे तुमच्या सांभाळण्यात खोट असेल. काय करता तुम्ही, जरा सांगा की.

"आमच्यात काय करावं लागत न्हाई," सिदाप्पा म्हणाला.

त्या पौषात थंडी कडाक्याची पडली. शालनला खोकला झाला. गोठ्यातून आत ये, असं सिदाप्पा म्हणाला खरा, पण एकदाच म्हणाला. पिल्लं लहान होती आणि तिच्याशिवाय ती जगणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. तिला मिरजेला नेलं तेव्हा छातीत पाणी झालेलं होतं. खाटेवर पडल्यापडल्या ती पिल्लांचंच विचारत होती. "पुसता का त्यास्नी?" ती दोन-तीनदा म्हणाली. सिदाप्पाला वाटलं, तापात बरळतेय. "पुसतो, पुसतो," तो म्हणाला. आईला दूध नाही, असं सांगून त्यानं त्या वेताची पिल्लं शेजारच्या बायकांकडून कशीबशी वाढवून घेतली. शालन घरी आली नाही.

तिच्यामागं घर कसं झालं, हे सांगायला नको. सिदाप्पा भाकरी थापायला शिकला, निदान खाण्याइतपत. हरणी म्हातारी झाली होती, मागच्या पायांनी अधू. शालनच्या वाकळीवर पडून असायची. वाकळ त्यानं उचलली नव्हती. तिथंच खुंटीवर शालनची फडकी लोंबत होती, जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन विरलेली. गोठ्यात कायम ओली फडकी टांगायची हिची काय सवय, म्हणून तो पूर्वी वैतागायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला बिजली व्याली. पाच पिल्लं. बिजली उठून बाहेर गेली.

सिदाप्पानं दूध कोमट केलं. पापणीवर थेंब टाकून बघितला. तेवढं त्यानं शालनला करताना पाहिलं होतं. जाड, गाठाळ बोटांत ड्रॉपर धरून त्यानं एकेकाला पाजलं. पिल्लं चांगली प्यायली. त्याला जरा धीर आला. दुसऱ्या दिवशी ती रडायला लागली. त्याला वाटलं, भूक. त्यानं आणखी पाजलं. पोटं टम्म फुगली. सकाळी एक गेलं, दुपारी दोन. दूध पोटात होतं, अंग गरम होतं, तरी पिल्लं मरत होती, आणि चाळीस वर्षं पिल्लं हाताळलेला माणूस त्यांना तळहातावर उताणं धरून नुसता बघत होता. चौथं त्याच्या हातातच गेलं. मुग्धाला फोन करावा, शेजारणींना हाक मारावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण सांगायचं काय? अब्रू अजून मुठीतच होती.

पाचवं त्यानं वाकळीवर ठेवलं आणि तो भिंतीला टेकून रडला. शालन गेली तेव्हा लोकांसमोर रडला होता तसा नाही. हमसून, आवाज करून.

हरणी उठली. मागचे पाय ओढत पिल्लापाशी गेली, त्याला नाकानं उताणं केलं आणि त्याच्या पोटाखाली चाटू लागली. बराच वेळ चाटत राहिली. आणि पिल्लू मुतलं. मुतता मुतता त्याचं पोट सैल पडत गेलं, रडणं थांबलं, ते निपचित झोपी गेलं.

आई चाटल्याशिवाय या वयाच्या पिल्लाला मुतायचंही कळत नाही. कुत्र्या चाटताना त्यानं जन्मभर बघितलं होतं आणि स्वच्छता म्हणून सोडून दिलं होतं. 'पुसता का त्यास्नी?' जे काम जिभेचं, ते शालन ओल्या फडक्यानं करत होती. तो उठून खुंटीपाशी गेला आणि ती फडकी त्यानं तोंडावर धरली. त्यांना आता कसलाच वास उरला नव्हता.

ते एक पिल्लू जगलं. दूध सिदाप्पा पाजायचा, बाकीचं हरणी बघायची. पिल्लाचे डोळे उघडले त्या दिवशी त्यानं आधी अथणीला बाबालालला फोन केला आणि खरं सांगितलं. बाबालाल म्हणाला, "आधी सांगायचं, भावा. माझी एकवीस गेली." त्यानंतर सिदाप्पानं पुण्याला फोन केला.

मुग्धा आली. सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर सिदाप्पाला बरं वाटलं असतं.

"आईपणाची निवड आम्ही कधी केलीच नाही," ती म्हणाली. "माळावर जी मादी पिल्लं टाकून जाते, तिची पिल्लं मरतात आणि तिचा वंश तिथंच संपतो. हे आपोआप होतं, म्हणून ते कुणी मोजत नाही. जे वरच्या दुधावर जगायचं ते तुमचे वडील वंशाला ठेवत नव्हते. म्हणजे माळाच्या चाळणीतून जे सुटायचं, ते त्यांचा नियम गाळायचा. बशीत बारा पिढ्या गेल्या, काका. तिथं कुणाला आई लागतच नाही. धाव वाढली, नजर वाढली, आणि हे कधी झिरपून गेलं कळलंच नाही. तेजाला तर हरणीनं वाढवलं, कशात कमी पडू दिलं नाही; पण जे रक्तातूनच गेलं ते वाढवून येत नाही."

"तुमच्या संगणकाला पिल्लं मेलेली दिसली न्हाईत?"

"दिसली असती. बाकीच्यांची मरत होती. पण सगळ्यात जास्त वेतं तुमच्याकडची, आणि तुमच्याकडं सगळी जगत होती. संगणक म्हणाला, ओळीत दोष नाही, पाळणाऱ्यांत आहे." तिनं चष्मा काढून हातात घेतला. "काकूंनी एकटीनं आमचं सगळं गणित खोटं पाडलं."

"तिनं न्हाई," सिदाप्पा म्हणाला. "ती सांगा म्हणत हुती. म्या तिचं नाव झाकलं."

जुन्या ओळीच्या पेशी प्रयोगशाळेत उरल्या नव्हत्या. पुढची पिढी चांगली निघाली की मागची टाकून देत. वाटलेली जुनी कुत्री आता कुठं असतील, असतील की नाही, कुणाला ठाऊक. हाताशी होती ती एकटी हरणी. ऑपरेशन झालेली, म्हातारी, वंशाला कधीच न चाललेली. मुग्धानं तिच्या कानाचा मसुराएवढा तुकडा घेतला. हरणी तिच्या हाताला चाटून परत पिल्लाकडं वळली.

"यातून होईल?"

"पिल्लं होतील. ती आई होतील की नाही, हे मला बशीत दिसणार नाही. त्यांना जन्मू द्यायचं, वाढू द्यायचं, व्याली की बसून बघायचं. आणि पुन्हा त्यांच्या पिल्लांची वाट बघायची. कुत्र्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच."

"तवर मी कशाला असतोय," सिदाप्पा म्हणाला. "पर घ्या. बघणारं कुणीतरी असंलच."

हरणीच्या पुढच्या दोन पायांमध्ये पिल्लू झोपलं होतं. मुग्धाच्या चष्म्यानं त्याचा निकाल आधीच सांगितला होता: आजवरच्या सगळ्या पिल्लांत सरस. सिदाप्पाच्या बोटांनाही ते कळलं होतं.

"हे ठेवणार?" तिनं विचारलं.

"घरात ठेवणार. वंशाला न्हाई."

जुनी नोंद दुरुस्त करायची, तर कुठलं वेत कुणाच्या पोटचं आणि कुणी वाढवलं, हे पहिल्यापासून हवं होतं. मुग्धा एकेक विचारत गेली आणि सिदाप्पा, फोनवर छाती काढून बोलणारा तो माणूस, एकेका शब्दात सांगत गेला.

"तेजाचं पहिलं वेत. कुणी वाढवलं?"

"शालन."

"बिजलीचं?"

"शालन."

"तेजाचं दुसरं?"

"शालन."

असं ते बराच वेळ चाललं. शेवटी ती या पिल्लापाशी आली.

"हे?"

"दूध म्या पाजलं. वाढवलं हरणीनं."

"आणि हरणीला कुणी वाढवलं?"

सिदाप्पानं नुसता खुंटीवरच्या फडक्यांकडं हात केला.